अनोळखी बँडचा माग कसा काढावा : नाशिकच्या श्रोत्यांसाठी

नाशिकमध्ये राहून इंडी आणि अल्टरनेटिव्ह, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या आणि रुळलेल्या वाटेबाहेरचे, संगीत ऐकणाऱ्यांना आज ध्वनिमुद्रणांची वानवा नाही. जे संगीत मिळवण्यासाठी पूर्वी मुंबईला काळा घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाऊसपर्यंत जावे लागे (ते दुकानही २०१६ साली बंद झाले), ते आता कॉलेज रोडवर रिक्षात बसल्याबसल्या फोनवर ऐकता येते. वानवा आहे ती वाटेची. गाण्यांच्या ॲपची शिफारस मुख्यतः इतर श्रोत्यांच्या सवयींवर बेतलेली असते. आपण ऐकलेले गाणे आवडणाऱ्या इतरांनी आणखी काय ऐकले, याचा तो हिशेब असतो. ज्या बँडचे श्रोतेच मोजके आहेत, त्याच्याबाबत असा हिशेब मांडायला पुरेशी सामग्री नसते. त्यामुळे तो बँड कितीही चांगला असला तरी शिफारशीत फारसा वर येत नाही आणि आपण आधीच गाजलेल्या नावांभोवती फिरत राहतो.

यावर माझ्या अनुभवात एकच उपाय खात्रीने चालतो. बँडमागची माणसे शोधावीत. कोणताही बँड एकटा उभा राहत नाही. त्याचा ड्रमर आणखी दोन ठिकाणी वाजवत असतो, त्याचा अल्बम कोणत्या तरी लहान लेबलने (ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीने) काढलेला असतो, तो ज्या सभागृहात पहिल्यांदा वाजला तिथे त्याच महिन्यात आणखी पाच बँड वाजून गेलेले असतात. आपल्या आवडीच्या एका बँडपासून यांपैकी एक धागा धरला आणि तो न सोडता पुढे गेले, की अनोळखी संगीत आपोआप समोर येऊ लागते.

ओळखीच्या गाण्यापासून सुरुवात

धागा कुठूनही सुरू होऊ शकतो, अगदी हिंदी चित्रपटगीतापासूनही. २००६ साली ‘गँगस्टर’ या चित्रपटातले ‘भीगी भीगी’ हे गाणे गणपतीच्या मंडपांपासून रिक्षांपर्यंत सगळीकडे वाजत होते. त्याची चाल मोहीनेर घोडागुली या कोलकात्याच्या बँडच्या नावाशी जोडलेल्या एका बंगाली गाण्यावरून घेतलेली आहे, आणि ते मूळ गाणे १९९५ सालच्या एका संग्रहात आलेले आहे. गौतम चट्टोपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यावर हा बँड उभा केला. १९७७ ते १९७९ या काळात त्यांच्या तीन लहान ध्वनिमुद्रिका निघाल्या. बाऊल गायकी, पाश्चात्त्य लोकसंगीत आणि शहरी जगण्याविषयीचे बंगाली शब्द यांचा तो मेळ त्या वेळच्या श्रोत्यांना रुचला नाही आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बँड विखुरला. पुढे १९९० च्या दशकात चट्टोपाध्याय यांनी तरुण बँडना हाताशी धरून त्याच नावाखाली नवे-जुने संगीत संग्रहरूपाने प्रसिद्ध केले, आणि तेव्हा कुठे बंगालमध्ये त्याची कदर झाली.

हे उदाहरण सविस्तर देण्याचे कारण असे की त्यातून शोधाची पद्धत दिसते. एका परिचित गाण्यापासून मूळ चालीकडे, चालीपासून बँडकडे, आणि बँडने काढलेल्या संग्रहांपासून त्यात गायलेल्या इतर बंगाली बँडकडे जाता येते. सगळा प्रवास एका रविवारच्या दुपारी होतो. त्यासाठी बंगाली येण्याचीही गरज नाही, कारण गाण्याचा आशय बँडच्या चाहत्यांनी केलेल्या भाषांतरांत सहसा मिळतो. अभंग, नाट्यपद आणि भावगीत शब्दांसकट ऐकण्याची सवय असलेल्या मराठी श्रोत्याने मात्र पहिल्या ऐकण्यात शब्दांचा आग्रह बाजूला ठेवावा, असे मी सुचवेन. आधी आवाज ओळखीचा होऊ द्यावा, शब्द नंतर पाहावेत.

श्रेयनामावली हाच नकाशा

ज्यांच्या घरी जुन्या कॅसेट आहेत, त्यांनी एखाद्या कॅसेटच्या डबीतले घडीचे कागदी कार्ड बाहेर काढून पूर्ण उलगडावे. समजा ती इंडियन ओशनची ‘कंदिसा’ आहे. १९९० साली दिल्लीत स्थापन झालेल्या या बँडचा हा अल्बम २००० साली टाइम्स म्युझिकने काढला. अशा कार्डावर गाण्यांची नावे मोठ्या अक्षरांत असतात, पण आपल्या कामाचा मजकूर खाली बारीक टायपात असतो. कोणी काय वाजवले, ध्वनिमुद्रण कोणत्या स्टुडिओत झाले, मिश्रण कोणी केले, एखाद्याच गाण्यावर पाहुणा वादक कोण होता, ही नावे एकेक करून वहीत उतरवून घ्यावीत. बहुतेक कार्डांच्या शेवटी आभारांचा परिच्छेद असतो. तो लोक वाचत नाहीत, पण शोधाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. बँड ज्यांचे आभार मानतो त्यांत नातेवाईक आणि मित्रांबरोबर त्याच गावातले इतर बँड, कार्यक्रम ठेवणारे आयोजक आणि उसना ॲम्प्लिफायर देणारे वादकही असतात. एका शहरात एका वर्षी कोण कोणाबरोबर वाजत होते, याची इतकी प्रामाणिक नोंद दुसरीकडे क्वचितच सापडते.

कॅसेट जुनी असेल तर वाजवण्यापूर्वी फीत नीट तपासावी. नाशिकच्या पावसाळ्यात कपाटाच्या तळाशी राहिलेल्या कॅसेटला बुरशी लागते आणि ती फितीच्या कडेला पांढुरक्या डागांच्या रूपाने दिसते. अशी कॅसेट डेकमध्ये घालू नये, कारण बुरशी हेडला लागून पुढच्या कॅसेटपर्यंत पोहोचते. फीत स्वच्छ असेल तर ती एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी, डेकमधले फीत वाचणारे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसावे, आणि डेकच्या लाइन-आऊटमधून संगणकाच्या लाइन-इनमध्ये वायर जोडून ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरवर ध्वनिमुद्रण करून ठेवावे. ज्या लहान बँडच्या कॅसेट पुन्हा कधीच निघाल्या नाहीत, त्यांच्यासाठी घरातली ही एक प्रत कदाचित हातात उरलेली शेवटची चांगली प्रत असू शकते. कार्डाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्रही त्याच फोल्डरमध्ये ठेवावे.

ज्यांच्याकडे कॅसेट नाहीत, त्यांना हीच माहिती डिस्कॉग्स या संकेतस्थळावर मिळते. २००० साली सुरू झालेल्या या संकेतस्थळावर ध्वनिमुद्रिकांच्या नोंदी श्रेयांसह असतात आणि प्रत्येक नावावर दाबता येते. एखाद्या बास गिटारवादकाच्या नावावर दाबले की त्याने वाजवलेल्या सर्व अल्बमची यादी उघडते. स्पॉटिफायवरही गाण्याच्या नावाजवळील तीन ठिपक्यांमध्ये श्रेयनामावली असते, मात्र ती बहुधा त्रोटक असते.

हे वाचन किती फळते, हे मुंबईच्या झीरो या बँडवरून समजते. त्यातला गिटारवादक वॉरेन मेंडोन्सा पुढे ब्लॅकस्ट्रॅट ब्लूज या नावाने शब्दांविना केवळ गिटारचे अल्बम काढू लागला, आणि ड्रमर सिड कूटो याने टफ ऑन टोबॅको हा बँड उभा केला. झीरो आवडणाऱ्याला या दोन्हींचा रंग वेगळा वाटेल, पण माणसे तीच असल्याचे कानाला कळते. दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचेही तसेच आहे. २०१९ सालच्या ‘बिस्मिल्लाह’ या अल्बममुळे हा बँड भारताबाहेर माहीत झाला. त्यांचा गायक सूर्यकांत साहनी लिफाफा या नावाने स्वतंत्रपणे हिंदी गाणी करतो, ज्यांत जुन्या चित्रपटसंगीताची छाया आणि इलेक्ट्रॉनिक ठेका एकत्र येतात. त्याच बँडचा कार्तिक पिल्लई जॅम्ब्लू या नावाने आणि बेगम या बँडमध्येही आढळतो. एका ओळखीच्या नावामागे अशी तीन कमी ऐकलेली नावे मिळाली, आणि त्यासाठी कोणत्याही शिफारशीची वाट पाहावी लागली नाही.

वादक ज्यांना मानतात, त्यांचाही असाच माग काढता येतो. नोव्हेंबर १९९३ मध्ये निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडने एमटीव्हीसाठी केलेला अनप्लग्ड कार्यक्रम अनेकांनी ऐकलेला असतो. त्या कार्यक्रमात त्यांनी ग्लासगोच्या द व्हॅसलीन्स या बँडचे एक गाणे घेतले आणि ॲरिझोनाच्या मीट पपेट्स या बँडमधल्या दोघा भावांना मंचावर बोलावून त्यांची तीन गाणी त्यांच्याबरोबर सादर केली. निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन याने लंडनच्या द रेनकोट्स या बँडच्या पुनर्प्रकाशित अल्बमसाठी प्रास्ताविक मजकूर लिहिला, डॅनियल जॉन्स्टन या अमेरिकन गायकाच्या चित्राचा टी-शर्ट जाहीरपणे घातला, आणि ओसाकाच्या शोनेन नाइफ या तीन स्त्रियांच्या बँडला १९९१ साली ब्रिटनच्या दौऱ्यावर बरोबर नेले. ही पाचही नावे निर्वाणापेक्षा फार कमी ऐकली गेली आहेत. आवडत्या वादकाची मुलाखत वाचताना त्याचे स्वतःबद्दलचे बोलणे एक वेळ सुटले तरी चालेल, पण त्याने घेतलेली इतरांची नावे सुटू देऊ नयेत.

लहान लेबल आणि लहान शहर

चांगले लहान लेबल हे एका माणसाच्या किंवा दोघांच्या रुचीवर चालते. म्हणून एका बँडमुळे लेबल आवडले, की त्याच लेबलचे आणखी पाच-सहा अल्बम डोळे मिटून ऐकावेत. ब्रिस्टलच्या सारा रेकॉर्ड्सने १९८७ ते १९९५ या काळात हळव्या, साध्या गिटार-गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या आणि यादीतला क्रमांक १०० झाल्यावर ठरवून काम थांबवले. इतकी मर्यादित यादी असल्यामुळे संपूर्ण लेबल एका हिवाळ्यात ऐकून होते.

माझ्या आवडीचे आणि नाशिककरांना विशेष जवळचे वाटावे असे उदाहरण मात्र न्यूझीलंडच्या फ्लाइंग नन या लेबलचे आहे. क्राइस्टचर्चमधील ध्वनिमुद्रिकांच्या दुकानात काम करणाऱ्या रॉजर शेफर्डने १९८१ साली ते सुरू केले. त्याच वर्षी ड्युनेडिन या दक्षिणेकडच्या विद्यापीठाच्या गावातील द क्लीन या बँडची ‘टॅली हो’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्या ध्वनिमुद्रणाला सुमारे ५० न्यूझीलंड डॉलर इतकाच खर्च आला आणि तरीही ती देशाच्या विक्रीयादीत पहिल्या २० मध्ये पोहोचली. पाठोपाठ आलेले त्यांचे पाच गाण्यांचे ध्वनिमुद्रण चार ट्रॅकच्या साध्या टेप रेकॉर्डरवर झाले होते. महागड्या स्टुडिओत जाण्याची ऐपत नसल्यामुळे आवाजात जो खरखरीतपणा आणि मोकळेपणा राहिला, तोच पुढे त्या गावाची ओळख ठरला. ‘टॅली हो’मधला ऑर्गन मार्टिन फिलिप्सने वाजवला होता. तो द चिल्स या बँडचा प्रमुख. द क्लीनचा बासवादक रॉबर्ट स्कॉट याने पुढे द बॅट्स हा बँड काढला. श्रेयनामावलीतल्या दोन नावांवरून अशा दोन नव्या दिशा उघडतात. ड्युनेडिनची लोकसंख्या तेव्हा लाखाच्या आसपास होती आणि नाशिक शहराची २०११ च्या जनगणनेनुसार १४ लाख ८६ हजार आहे. मोठ्या शहराबाहेर काही घडत नाही, हा समज सोडून द्यायला एवढी तुलना पुरेशी आहे.

आपल्या देशातही शहर धरून ऐकणे फार फलदायी ठरते. शिलाँगची सोलमेट ही ब्लूज वाजवणारी जोडी २००३ पासूनची आहे. त्यातले रूडी वॉलांग यांच्यापासून मागे गेले की ग्रेट सोसायटी हा जुना बँड आणि लू माजॉ हे गायक भेटतात, जे १९७२ पासून दरवर्षी २४ मे रोजी बॉब डिलनच्या वाढदिवसाचा कार्यक्रम करत आले आहेत. इंफाळचा इंफाळ टॉकीज हा बँड २००८ पासून मणिपूरच्या जगण्याविषयी, तिथल्या हिंसेविषयी गातो. केरळकडे वळले तर मदरजेन या बँडच्या २००८ सालच्या ‘मक्तूब’ अल्बममध्ये बैजू धर्मजन यांची कर्नाटक संगीताच्या गमकांनी भारलेली गिटार ऐकू येते, आणि त्याच वर्षीच्या अवियल या बँडच्या अल्बममध्ये मल्याळम भाषेतला सघन रॉक. चेन्नईचा द कास्टलेस कलेक्टिव्ह हा २०१७ साली दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांच्या पुढाकाराने उभा राहिला, आणि त्यात गाना हा तिथल्या वस्त्यांमधला गायनप्रकार रॉक आणि रॅपच्या जोडीने जातीविरुद्ध उभा राहतो. आंबेडकरी जलशांची परंपरा ज्यांच्या कानांवर लहानपणापासून आहे, त्यांना हे संगीत पहिल्या ऐकण्यातच आपले वाटेल.

काखेत कळसा आणि गावाला वळसा असे मात्र होऊ देऊ नये. पुण्याचा अग्नी हा बँड अनेकांना माहीत असतो, पण त्याच शहरातल्या ईझी वाँडरलिंग्जचा २०१७ सालचा ‘ॲज रिटन इन द स्टार्स’ हा अल्बम फार थोड्यांनी ऐकलेला असतो. मुंबईचा अभंग रिपोस्ट हा बँड तुकोबांचे आणि इतर संतांचे अभंग गिटार, बास आणि ड्रम यांच्या साथीने गातो. स्वदेशी या मुंबईच्या हिप-हॉप समूहातला एमसी मवाली मराठीतून रॅप करतो, आणि आरे जंगलाच्या प्रश्नावर त्या समूहाने वारली कलावंत प्रकाश भोईर यांच्याबरोबर केलेले गाणे आवर्जून ऐकावे असे आहे. धम्मा विंग्ज हा बँड बुद्ध आणि आंबेडकरांचा विचार रॉकच्या भाषेत मांडतो. या प्रत्येकाचे सूत्र वेगळे आहे, म्हणून ‘मराठी इंडी’ अशी एक सरसकट यादी ऐकण्यापेक्षा एकेका बँडला एक संध्याकाळ द्यावी.

जुने, हरवलेले, पुन्हा सापडलेले

भारतातल्या जुन्या रॉकचा शोध घेताना दोन-तीन टप्पे माहीत असले म्हणजे दिशा मिळते. सिगारेट कंपनीच्या पैशावर झालेल्या सिमला बीट स्पर्धेतून १९७० आणि १९७१ साली देशभरच्या बँडच्या दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या, ज्या आता पुन्हा उपलब्ध झाल्या आहेत. मुंबईत १९८६ साली इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला आणि रंगभवनच्या उघड्या प्रेक्षागृहात बँडच्या एका पिढीला मंच मिळाला. त्या पिढीतला रॉक मशीन हा बँड १९९३ साली इंडस क्रीड या नावाने वावरू लागला. त्याच वर्षी अलाहाबादहून अमित सैगल यांनी ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे मासिक काढले, आणि छोट्या गावांतल्या बँडची नावे पहिल्यांदा देशभर वाचली गेली. त्याचे जुने अंक कोणाच्या संग्रहात दिसले तर परीक्षणांपेक्षा आधी त्यातल्या स्पर्धांचे निकाल आणि जाहिराती वाचाव्यात, कारण ज्या बँडचा अल्बम कधीच निघाला नाही त्यांची नावे तिथेच उरली आहेत. त्या नावांवरून यूट्यूबवर महाविद्यालयीन महोत्सवांची जुनी चित्रीकरणे शोधावीत. आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगोमधील लाइव्हवायर स्पर्धेसारख्या नावांसह वर्ष टाकले तर शोध बराच नेमका होतो.

विस्मृतीत गेलेले संगीत पुन्हा काढणारी लेबले ही या कामातली मोठी मदत आहे. मुंबईच्या ॲटॉमिक फॉरेस्ट या १९७० च्या दशकातील बँडचे संगीत अमेरिकेच्या नाऊ-अगेन लेबलने २०११ साली पुन्हा काढले. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर दहा राग वाजवून केलेली ध्वनिमुद्रिका त्या वेळी कोणाच्या लक्षात आली नव्हती. ती २०१० साली नेदरलँड्समधून पुन्हा निघाली आणि जगभर चर्चेचा विषय झाली. अशा पुनर्प्रकाशनांबरोबर येणारी पुस्तिका लेबलवाल्यांनी जिवंत वादकांना भेटून तयार केलेली असते, त्यामुळे ती संगीताइतक्याच काळजीने वाचावी.

२००० नंतरच्या बँडचा काळ त्याहून अवघड आहे, हे अनेकांना आश्चर्याचे वाटेल. त्या काळी बहुतेक लहान बँड आपली गाणी मायस्पेस या समाजमाध्यमावर ठेवत. २००३ ते २०१५ या काळात तिथे चढवलेले संगीत सर्व्हर बदलताना नष्ट झाल्याचे २०१९ साली उघड झाले, आणि सुमारे ५ कोटी गाणी त्यात गेली असे सांगितले गेले. अशा बँडसाठी जुनी संकेतस्थळे जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्यांच्या जुन्या संकेतस्थळाचा पत्ता टाकून पाहावा. गाणी नाही मिळाली तरी सदस्यांची नावे आणि कार्यक्रमांच्या तारखा मिळतात, आणि तेवढ्यावरून पुढचा माग काढता येतो. नावांच्या बाबतीत सावध राहावे. १९६० च्या दशकात लंडनमध्येही निर्वाणा नावाचा बँड होता, आणि ॲपवर एकाच नावाखाली दोन वेगळ्या बँडची गाणी मिसळलेली अनेकदा दिसतात. म्हणून नावाबरोबर नेहमी शहर आणि वर्ष जुळवून घ्यावे. भारतीय भाषांतले बँड रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहिले जातात, त्यामुळे सगळी रूपे टाकून पाहावीत.

आज वाजणारे बँड

सध्याच्या बँडसाठी मी बँडकॅम्पला पहिले स्थान देईन. २००८ पासूनच्या या संकेतस्थळावर शैलीप्रमाणे शहराच्या नावानेही शोधता येते. ‘पुणे’, ‘शिलाँग’ किंवा ‘कोची’ असा टॅग उघडून नव्या अल्बमपासून खाली जात राहावे. त्याहून उपयोगी सोय अल्बमच्या पानावरच आहे. तो अल्बम विकत घेतलेल्या लोकांची लहान चित्रे तिथे असतात आणि त्यांपैकी एकावर दाबले की त्या व्यक्तीचा सगळा संग्रह दिसतो. जो अल्बम केवळ पंधरा-वीस जणांनी घेतला आहे आणि तुम्हालाही मनापासून आवडला आहे, त्याच्या खरेदीदारांची रुची तुमच्याशी जुळण्याची शक्यता मोठी असते.

रेडिओचे महत्त्वही कमी झालेले नाही. सिएटलचे केईएक्सपी, लंडनचे एनटीएस आणि दिल्लीतून २०१७ साली सुरू झालेले बॉक्सआउट एफएम ही केंद्रे इंटरनेटवर ऐकता येतात. माणसाने निवडलेल्या गाण्यांचा दोन तासांचा कार्यक्रम आणि सोबतची गीतसूची यांतून महिन्याभराचे काम मिळते. एखादे नाव अचानक सगळीकडे दिसू लागले आणि त्यामागे ना शहर, ना वादक, ना मंचावरचे एकही चित्रीकरण सापडले, तर थोडे थांबावे. २०२५ साली द व्हेल्व्हेट सनडाउन या नावाला स्पॉटिफायवर दहा लाखांहून अधिक मासिक श्रोते मिळाले आणि नंतर ते संगीत कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवल्याचे उघड झाले. श्रेयनामावली वाचण्याची सवय असलेल्याला अशा नावांचा संशय लवकर येतो.

प्रत्यक्ष कार्यक्रमाची जागा मात्र दुसरे काहीही घेऊ शकत नाही. नाशिकमध्ये गंगापूर धरणाच्या बाजूला सुलाच्या द्राक्षबागेत २००८ साली सुरू झालेला सुलाफेस्ट, आणि पुण्यात २०१० साली सुरू झालेला एनएच सेव्हन वीकेंडर, या दोन्ही संगीत महोत्सवांची जुनी पोस्टर इंटरनेटवर आहेत. पोस्टरवरची मोठ्या अक्षरांतली नावे सोडून तळाच्या दोन ओळी वाचाव्यात आणि दहा वर्षांपूर्वीच्या त्या बारीक नावांचे पुढे काय झाले ते शोधावे. कार्यक्रमाला जाताना पहिल्या बँडच्या आधी पोहोचावे, कारण अनोळखी बँड नेहमी सुरुवातीलाच वाजतो. पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेला अंधारात जाऊन जागा धरणाऱ्या नाशिककरांना हे सांगण्याची खरे तर गरज नाही.

मुंबईच्या कार्यक्रमांसाठी प्रवासाचे गणित आधी मांडावे लागते. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाणे सोयीचे आहे, पण परतीची पंचवटी संध्याकाळीच, कार्यक्रम रंगण्याआधी सुटते. म्हणून रात्री उशिराच्या लांब पल्ल्याच्या गाडीचे परतीचे आरक्षण आधी करून मगच तिकीट काढावे, किंवा चौघांनी मिळून गाडी करावी. पुण्याचा रस्ता सिन्नर-संगमनेरमार्गे सुमारे २१० किलोमीटरचा आहे आणि तिथे मुक्काम धरूनच जावे. एवढा खटाटोप करून गेल्यावर कार्यक्रम संपताच निघू नये. मंचाजवळ टी-शर्ट आणि सीडी विकायला बसलेला माणूस अनेकदा बँडचाच सदस्य किंवा जवळचा मित्र असतो. ‘तुमच्या शहरात सध्या आणखी कोणाला ऐकावे?’ हा एक प्रश्न त्याला विचारावा आणि मिळालेली नावे तिथेच लिहून घ्यावीत.

ऐकण्यासाठी एक वही ठेवावी असा माझा आग्रह आहे. फोनवरची यादी वाढत जाते आणि ती पुन्हा कोणी पाहत नाही. बँड, शहर, वर्ष, लेबल, कोणाकडून कळले आणि पुढे कोणाला ऐकायचे, इतके प्रत्येक नोंदीत असावे. अल्बम त्याच्या क्रमाने, शक्यतो रात्री जेवणानंतर हेडफोन लावून, आणि वेगवेगळ्या दिवशी तीनदा ऐकावा. पहिल्या ऐकण्यात चमत्कारिक वाटलेले संगीत तिसऱ्या ऐकण्यात उलगडते, आणि पहिल्यांदाच फार गोड वाटलेले कधी कधी तिसऱ्यांदा फिके पडते. चार-पाच समानधर्मी मिळाले तर महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमून प्रत्येकाने एकच बँड आणावा आणि गाणे संपेपर्यंत कोणी बोलू नये. कॉलेजात शिकणाऱ्यांबरोबर साठीच्या पुढची एखादी व्यक्तीही त्या बैठकीत असावी, कारण १९८० च्या दशकातल्या मुंबईतल्या कार्यक्रमांच्या आठवणी तिच्याकडेच असतात.

जे आवडले त्याचे पैसे बँडपर्यंत पोहोचवणे हा या शोधाचाच भाग आहे. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागील बारा महिन्यांत १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे मानधनच मिळत नाही, आणि आपण ज्या बँडबद्दल बोलत आहोत त्यांतल्या अनेकांची गाणी या रेषेखाली राहतात. बँडकॅम्प डिजिटल विक्रीतून १५ टक्के घेते आणि बाकीची रक्कम, पैसे हस्तांतरणाचा खर्च वजा जाता, बँडला जाते. मार्च २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी ते आपला वाटाही सोडते. खरेदीसाठी आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू असलेले कार्ड लागते, तेवढे बँकेच्या ॲपमध्ये तपासून घ्यावे. ज्या बँडचे संगीत कुठेच विकत मिळत नाही, त्याच्या सदस्यांना सरळ पत्र लिहावे. कोणते गाणे कुठे ऐकले आणि त्यातले काय आवडले हे दोन ओळींत सांगून उरलेले ध्वनिमुद्रण मिळेल का, असे विचारावे. बँड मोडून वीस वर्षे झालेली असली तरी हार्ड डिस्कवर किंवा कॅसेटवर काही ना काही बहुधा शिल्लक असते, आणि ते कोणी मागितलेलेच नसते.